सागाचे खिळे, बिबळ्याची फळी

लीलाताई मोहित्यांबद्दल मी लिहावं असं मंडळाच्या बैठकीत ठरलं, तेव्हा मी तिथे हजर होतो. यंदाच्या वार्षिक अंकात ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीतल्या साध्या माणसांची ओळख करून द्यायची होती. लाकडातला जाणकार म्हणून कुणाचं तरी नाव निघणार हे मला आधीच कळलं होतं, आणि मी चेहरा शक्य तितका विनम्र करून बसलो होतो. अध्यक्ष जयसिंहराव म्हणाले, "लीलाताई मोहिते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळले. "आणि लघाटेसाहेब, मराठी तुमचंच सगळ्यांत शुद्ध. तुम्हीच लिहा."

तर लिहितो. पण शुद्धाबरोबर खरंही लिहायचं असेल, तर पहिल्यांदा हे सांगून टाकायला हवं की गेली सात वर्षं मला या बाईंचा हेवा वाटतो. साधासुधा नाही, पोटात दुखणारा. त्यांचं कुणी कौतुक केलं की हातातला चहा कडू लागतो. माझी बायको सीमंतिनी म्हणते, "अहो, आज सकाळपासून लीलाताईंचं नाव काढलं नाहीत, बरं नाही का?" अशा माणसाने करून दिलेली ही ओळख आहे, एवढं धरून वाचावं.

आधी माझ्याबद्दल. (जयसिंहराव, हा भाग कापू नका.) मी रमाकांत लघाटे. वनखात्याच्या इमारती लाकडाच्या डेपोत एकतीस वर्षं नोकरी केली. तरुणपणी खात्याने मला लाकूड ओळखायचं शिक्षण घ्यायला डेहराडूनला पाठवलं होतं. तिथून मी एक दहापटीचं भिंग घेऊन आलो, ते अजूनही माझ्या खिशात असतं. लाकडाच्या टोकाचा पातळ काप काढायचा, ओला करायचा आणि भिंगाखाली धरायचा. सागाची छिद्रं वर्षावर्षाच्या वलयात ओळीने बसलेली दिसतात. सालवृक्षाची तशी दिसत नाहीत, शिसवीची आणखी वेगळी. डेपोत माझ्या शब्दावर ट्रक थांबत आणि सुटत.

मी निवृत्त झालो त्याच सुमारास माझ्या मुलीने, अपर्णाने, इथल्या हजीरा भागाजवळ कार्यशाळा काढली. गावात जिथे जुनं बांधकाम पडतं तिथून ती दारं, तुळया, फळ्या उचलून आणते आणि त्यांची टेबलं, बाकं, कपाटं करते. जुन्या लाकडाची अडचण अशी की ते काय आहे हे वरून कळत नाही. वर तेलरंगाचे पाच-सहा थर, त्यावर धूर आणि धूळ. ओळखण्यात चूक झाली आणि सागाशेजारी साल जोडला गेला, तर आमच्याकडच्या पहिल्याच मे महिन्यात एक जास्त आकसतो, दुसरा कमी, आणि टेबलाला फट पडते. म्हणून अपर्णाला मी हवा होतो. वडील म्हणून हवा होतोच, पण मी लाकडासाठी हवा होतो आणि ते मला जास्त आवडत होतं.

आमच्या प्रत्येक वस्तूच्या खाली एक छोटी पितळी पट्टी दोन बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते. ती कल्पना माझी. पट्टीवर तीन ओळी कोरलेल्या असतात. लाकूड काय, ते आलं कुठून, आणि ओळखलं कुणी. तिसऱ्या ओळीत माझं नाव. लोकांच्या घरी जेवायला गेलो की मी रुमाल पाडून टेबलाखाली वाकतो आणि नाव वाचून वर येतो. हे सीमंतिनीला माहीत आहे. आता सगळ्यांनाच कळलं.

आता लीलाताई. हजीऱ्यातच जन्मल्या, तिथेच वाढल्या, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेल्या. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत घोडेस्वार होते. घरात त्याची खूण म्हणून एक रिकीब आहे, तिला त्या दसऱ्याला कुंकू लावतात. नवरा कापडगिरणीत होता. गिरणी बंद पडली, मग नवऱ्याने अंथरूण धरलं, आणि घरात दोन मुली. तेव्हा लीलाताई जुनी घरं पाडणाऱ्या एका ठेकेदाराकडे खिळे उपटायच्या कामाला लागल्या. पाडलेल्या घराचं लाकूड करवतीवर जायच्या आधी त्यातला प्रत्येक खिळा निघावा लागतो. एक जरी आत राहिला तरी करवतीचं पातं जातं. हे काम बायकांकडे असतं आणि त्याकडे कुणी बघत नाही. लीलाताईंनी ते बावीस वर्षं केलं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा त्यामुळे बाहेरच्या बाजूला वळलेला आहे, आणि पक्कड त्यात अशी बसते की दोन्ही एकदमच घडवले असावेत.

सात वर्षांपूर्वी त्या ठेकेदाराने काम बंद केलं आणि लीलाताई आमच्याकडे आल्या. पहिले चार महिने मी त्यांच्याशी "नमस्कार" आणि "पाऊस दिसतोय" यापलीकडे बोललो नव्हतो. तो माझ्या आयुष्यातला शेवटचा सुखाचा काळ.

मग ती तुळई आली. बारा फुटी, हिरव्या रंगाने माखलेली. मी टोकाचा काप काढला, भिंगाखाली धरला आणि अपर्णाला सांगितलं, "साग." अपर्णाने वहीत लिहिलं. लीलाताई तुळईवर बसून खिळे उपटत होत्या. मध्यावर आल्यावर त्यांनी एक खिळा काढला, निरखून बघितला, मागचा काढलेला खिळा उचलून त्याच्याशेजारी धरला आणि मला हाक मारली.

"साहेब, इथपर्यंत सागौन आहे. इथून पुढे काही दुसरंच आहे."

मी म्हणालो, "लीलाताई, एक तुळई म्हणजे एक झाड."

"मला काय माहीत, साहेब. पण खिळा तर बघा."

सागात तेल असतं. त्यात शंभर वर्षं राहिलेला खिळाही गंज न धरता, न कुरकुरता निघतो, आणि भोक स्वच्छ राहतं. सालात किंवा बाभळीत खिळा गंजतो, लाकूड त्याला धरून ठेवतं, आणि निघाला की मागे काळं भोक सोडून जातो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण लीलाताईंच्या तळहातावर दोन खिळे होते, एक निळसर चकचकीत आणि एक कुरतडल्यासारखा काळा, आणि ते दोन्ही एकाच तुळईतून आले होते. अपर्णाने मधला रंग खरवडला. खाली तिरपा सांधा निघाला. जुन्या सुताराने दोन लाकडं जोडून तुळई केली होती आणि वरून रंग फासला होता.

मी पाहिलेलं टोक सागाचंच होतं. हे मी तेव्हा चारदा सांगितलं, आणि आजही सांगतो. पण अपर्णा माझ्याकडे बघत नव्हती. ती लीलाताईंच्या हाताकडे बघत होती. लहानपणी ती माझ्या भिंगातून मुंगी बघायची, तेव्हा तिचा चेहरा असाच व्हायचा.

पुढची सात वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. लाकूड आलं की अपर्णा आधी मला दाखवायची, मग लीलाताईंना. मग आधी लीलाताईंना, मग मला. मग मला सांगायची. गिऱ्हाईकं भिंगाकडे पाहून "अच्छा" म्हणत आणि खिळा निघताना बघायला खाली बसत. कुणी लीलाताईंचं चित्रण करून मोबाइलवर टाकलं, ते आमच्याच मंडळाच्या गटावर फिरलं, आणि त्याखाली जयसिंहरावांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. मी घरी एका जुन्या खुर्चीवर खिळे उपटायचा सराव केला. चार दिवसांत खुर्ची गेली. सीमंतिनी म्हणाली, "आता स्टूल घ्या, खुर्च्या मला बसायला लागतात."

चिडायला काही निमित्त मिळालं असतं तरी बरं होतं. पण लीलाताई मला "साहेब" म्हणत, मी आलो की पदर सावरून उठत, आणि मी काही सांगितलं की "हो ना, साहेब" म्हणत. त्यांनी खिळ्यांचे डबे केले होते. सागातून निघालेले सरळ, स्वच्छ खिळे एका डब्यात, ते पुन्हा वापरता येतात. बाकीचे दुसऱ्यात, भंगारासाठी. डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना लागतच नव्हतं.

गेल्या डिसेंबरात अपर्णा मला म्हणाली, "बाबा, पुढच्या कामापासून पट्टीवर लीलाताईंचं नाव घालू या का? आता ओळखतात तर त्याच. तुमचं इतकी वर्षं होतंच ना."

तिने अगदी हळुवार विचारलं. मी म्हणालो, "घाल की. त्यात काय." आणि घरी जाऊन जेवलो नाही.

पुढचं काम निधीचं होतं. स्टेशनाजवळच्या पडाव भागात तिच्या आजोबांचं लॉज होतं. स्टेशनवर उतरलेली माणसं तिथे राहत. आजोबा गेले, लॉज पाडलं, आणि निधीने तिथली दारं आणि फळ्या आमच्याकडे आणून टाकल्या. तिला जेवणाचं टेबल हवं होतं, पण अट एकच. त्यात आजोबांच्या लॉजबाहेरचं एकही लाकूड नको. बँकेत काम करणारी शांत मुलगी, पण हे तिने तीनदा बजावलं. लाकूड सगळं साग होतं. ते कुणीही सांगितलं असतं, अगदी मीसुद्धा.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं.

माझ्या घरी माळ्याखाली एक बिबळ्याची फळी होती. इथे बिबळ्याला सगळे बीजा म्हणतात. नोकरीत असताना घेतलेली, जाड, चांगली हातभर रुंद. वीस वर्षं तिच्यावर सीमंतिनीच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. मी बरण्या उतरवल्या आणि फळी गच्चीवर नेली. तिला लॉजच्या दारांसारखा पिवळट रंग दिला, राखेने घासला, उन्हात ठेवला, पुन्हा दिला. तीन दुपारी गेल्या. सीमंतिनी कपडे वाळत घालायला आली आणि म्हणाली, "लोक लाकूड नवं करतात, तुम्ही म्हातारं करताय?" मी म्हणालो, प्रयोग आहे.

मग एका सकाळी लीलाताई यायच्या आधी कार्यशाळेत जाऊन मी त्यांच्या सागाच्या डब्यातून मूठभर खिळे घेतले. घरी फळीला बारीक भोकं पाडली, खिळ्यांना मेण लावलं आणि ठोकले. सहा ठोकायला चौदा लागले. बेत असा की खिळे आत सुळकन सरकलेले, तर बाहेरही सुळकन येतील. बाकी सगळा माल सागाचा. लीलाताई म्हणतील, "सागौन." मग मी भिंग काढीन. अपर्णासमोर आणि निधीसमोर. एवढंच. नंतर फळी गुपचूप घरी न्यायची आणि बरण्या परत मांडायच्या. मी फळी निधीच्या ढिगात सरकवून दिली.

निधी आली त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. लीलाताई एकेक फळी मांडीशी घेऊन खिळे काढत होत्या आणि "सागौन", "सागौन" म्हणत होत्या, आणि अपर्णा लिहीत होती. चौथी फळी माझी. त्यांनी पक्कड लावली, खिळा आला. अगदी सुळकन. त्यांनी तो उन्हात धरला. अंगठ्याने पुसला, अंगठा नाकाशी नेला. दुसरा काढला, तोही तसाच पाहिला. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"खिळे सागौनातले आहेत," त्या म्हणाल्या. "लाकूड कशाचं आहे ते साहेब सांगतील."

अपर्णाला तो लीलाताईंचा नम्रपणा वाटला. निधीला काहीच वाटलं नाही. मी मात्र कात्रीत सापडलो. त्यांनी चूक केली असती तर मी ती दाखवणार होतो. त्यांनी चूक केली नाही, आणि माझ्या हातात उत्तर मात्र तयार होतं. आता गप्प बसावं तर ओळखता आलं नाही असं होणार.

मी भिंग काढलं, काप काढला, पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बिबळा. म्हणजे बीजा." अपर्णा चकित झाली. मग माझ्याच्याने राहवेना. मी काचेच्या पेल्यात पाणी मागवलं, फळीचा भुसा त्यात टाकला आणि सगळ्यांना चहा घ्यायला लावला. चहा संपेतो पाणी पिवळसर झालं होतं. मी पेला उन्हात धरला. कडेने निळी झाक आली. बिबळ्याच्या पाण्याला ती येतेच.

निधी उभी राहिली. "ये तो दादाजी के गिलास वाली लकडी है," ती म्हणाली. आजोबांना साखरेचा आजार होता. रोज रात्री बीजाच्या पेल्यात पाणी भरून ठेवत आणि सकाळी पीत. ते पाणी असंच दिसायचं. तिचे डोळे भरले होते. "अंकल, इसको बीच में लगाइए. बिल्कुल बीच में."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. फळी ढिगात चुकून आली, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण अपर्णाने माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, पट्टीवर तुमचंच नाव राहू दे. लीलाताई स्वतःच म्हणाल्या ना, साहेब सांगतील." आणि ती माझ्याकडे बघत होती. मुंगी बघताना बघायची तशी. मी तोंड मिटलं.

लपवत नाही, मला आनंद झाला. घरी जाताना नई सडकेवरून तिळाची गजक घेतली. सीमंतिनीने एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "फळी कुठंय? बरण्या खाली किती दिवस ठेवू?" मी म्हणालो, वापरली. तिने दुसरा तुकडा घेतला नाही.

टेबल व्हायला तीन आठवडे लागले. बिबळ्याला रंधा लागला तसा सोनेरी तपकिरी रंग निघाला, दोन्ही बाजूंना साग. दिसायला सुरेख होतं, तेही मला टोचलं. पट्टी आली. लाकूड: साग आणि बिबळा. कुठून: आजोबांचं लॉज, पडाव. ओळख: रमाकांत लघाटे. ती ठोकली गेली तेव्हा लीलाताई पलीकडे बसून खिळे काढत होत्या.

टेबल न्यायला निधी आली. तिने मधल्या फळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "इस पर दादाजी का हाथ लगा होगा," ती म्हणाली. त्या जागी वीस वर्षं आमच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. तेलाचा डाग मी स्वतः घासून काढला होता. टेबल गाडीत चढलं. मी हात हलवला.

मग मी लीलाताईंकडे गेलो. त्या पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या.

"लीलाताई, तुम्हाला कळलं होतं," मी म्हणालो.

"काय, साहेब?"

"खिळ्यांचं."

"माझ्याच डब्यातले होते ना. एक-एक हाताने काढलेला. कळणार नाही? मेण पण लागलं होतं." त्यांनी पक्कड फिरवली, खिळा आला, डब्यात पडला. "डब्याचं झाकण पण तुम्ही उलटं लावलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलली ना मी. खिळे सागौनातले आहेत बोलली."

"फळीबद्दल का नाही बोललात?"

त्यांनी पहिल्यांदाच पक्कड खाली ठेवली. "फळी तुमची होती, साहेब. मला वाटलं, तुम्ही सांगाल. त्या दिवशीच सांगाल. मग रंधा मारला तेव्हा वाटलं, आज सांगतील. पट्टी ठोकली तेव्हा पण वाटलं. आत्ता टेबल गेलं, तेव्हा पण."

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. मनापासून शोधला, सापडला असता तर माझा जीव सुटला असता. नव्हता. त्या खरोखरच तीन आठवडे वाट बघत होत्या. माझ्याबद्दल त्यांचं मत इतकं चांगलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी आत गेलो आणि अपर्णाला सगळं सांगितलं. गच्ची, राख, मेण, चौदा खिळे. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "लोणच्याची फळी?"

"हो."

"बाबा, आपण लाकूड विकत नाही," ती म्हणाली. "लाकूड कुठेही मिळतं. ते कुठून आलं, हे आपण विकतो." आणि तिने निधीला फोन लावला. मी समोर उभा राहिलो. बाहेर जावं असं वाटत होतं, पण तेवढं तरी करायचं नाही असं ठरवलं.

टेबल दुसऱ्या दिवशी परत आलं. निधी सोबत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "अंकल, उसी दिन बता देते," आणि अपर्णाकडे वळली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मधली फळी काढून तिथे लॉजच्या दाराचा साग बसवला. पट्टी काढायला अपर्णाने लीलाताईंना बोलावलं. दोन बारीक खिळे, दोन झटके. दोन्ही सरळ निघाले. नवी पट्टी आली तिच्यावर तिसऱ्या ओळीत लीला मोहिते हे नाव आहे. ते टेबल आज निधीच्या घरी आहे, आणि त्याला यंदाच्या मे महिन्यात फट पडलेली नाही.

त्या दिवसापासून अपर्णा मला लाकूड दाखवत नाही. रागावलेली नाही, वेळेवर चहा पाठवते, तब्येत विचारते. पण नवा माल आला की ती माझ्यावरून सरळ पुढे जाते. मला दाखवतात त्या लीलाताई. जेवणाच्या सुट्टीत एखादा तुकडा घेऊन येतात. "साहेब, यात खिळाच नव्हता. जरासं भिंगातून बघता का?" मी बघतो. सांगतो. त्या जाऊन अपर्णाला सांगतात, "साहेब म्हणाले, शिसम आहे," आणि अपर्णा लिहून घेते. म्हणजे माझी मुलगी अजून माझं ऐकते, फक्त ते लीलाताईंच्या तोंडून. यावर माणसाने जळू नये तर काय करावं?

माझा हेवा कमी झालेला नाही. आधी त्यांना लाकूड कळतं याचा होता. त्याला निदान तोंड देता येत होतं. सराव करता येत होता, खुर्ची मोडता येत होती. आता त्या माझ्यासाठी तीन आठवडे थांबल्या याचा आहे. मी त्यांच्यासाठी तीन मिनिटं थांबलो नसतो.

बिबळ्याची फळी गेल्या महिन्यात घरी परत आली. अपर्णाने तिचं बैठं मेज करून पाठवलं. लीलाताई स्वतः ई-रिक्षातून घेऊन आल्या आणि सीमंतिनीशी लोणच्याबद्दल तासभर बोलत बसल्या. हे सगळं मी त्याच मेजावर लिहितो आहे. लिहून झालं की कागद अपर्णाकडे टाइप करायला जातील, आणि ती ते लीलाताईंना वाचून दाखवेल, कारण बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही. अपर्णाने मला शेवटचं काय वाचून दाखवलं ते मला आठवत नाही.

त्या दिवशी लीलाताई गेल्यावर मी मेज उलटं केलं. खाली पट्टी होती. लाकूड: बिबळा. कुठून: लघाट्यांचा माळा. ओळख: रमाकांत लघाटे. पट्टी लीलाताईंनी ठोकली, हे सीमंतिनीने सांगितलं. जराशी तरी तिरकी असावी म्हणून मी फूटपट्टी आणून दोन्ही कडांपासून मोजली. सरळ आहे.